डब्याची उजवी बाजू

१

रोज सकाळी अकराला मिस्त्री प्रयोगशाळेचं दार उघडायचा, चपला बाहेर काढायचा, कोपरापर्यंत हात धुवायचा आणि डब्याला विचारायचा, "काय, झाली का झोप?"

हा प्रश्न खरं तर त्याच्या बायकोचा. ती गेल्यावर तो त्याच्याकडे आला, तशा तिच्या आणखीही बऱ्याच गोष्टी आल्या. 'मिस्त्री' हे नावही तिनेच ठेवलेलं. माणूस शिकलेला, यंत्रं बनवणारा. पण गळका नळ दिसला की पान्हा शोधायला धावायचा, म्हणून मिस्त्री. पुढे सगळेच त्याला तसं म्हणू लागले आणि खरं नाव फक्त कागदांवर उरलं.

डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी चपटी, पारदर्शक पेटी. आत कोमट, गुलाबीसर पाणी. बाजूला माशांच्या टाकीला लावतात तो हवेचा पंप. पाण्याच्या तळाशी टपालाच्या तिकिटाएवढी काच, आणि त्या काचेवर वाढणाऱ्या जिवंत पेशी. भाजलेल्या माणसासाठी कातडी वाढवायची तर मोठ्या इस्पितळांत कपाटाएवढी यंत्रं असतात. मिस्त्री आणि त्याची बायको, या दोघांना असं यंत्र हवं होतं, जे लहान दवाखान्याच्या टेबलावर मावेल आणि बिघडलं तर तिथलाच कुणी दुरुस्त करेल.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे आत काय चाललंय ते बघणं. झाकण उघडलं की बुरशीला आमंत्रण. म्हणून डोळा आतच बसवला होता, एका जुन्या फोनमधून काढलेला. दर दहा मिनिटांनी दिवा क्षणभर लागायचा, चित्र निघायचं, पुन्हा अंधार. जास्त उजेड पेशींना सोसत नाही. दिवसभराची चित्रं भरभर एकामागून एक दाखवली की पेशी चालताना दिसायच्या. एरवी त्यांची चाल तासाला अर्ध्या केसाएवढी.

आता मुख्य गोष्ट. त्या पेशी तिच्या होत्या.

२

स्वतःच्या पेशी स्वतः वाढवायच्या नाहीत, हा या कामातला पहिला नियम. चुकून सुई टोचली आणि त्या परत अंगात गेल्या, तर अंग त्यांना परकं मानत नाही, घरातलंच कुणी आलंय म्हणून दार उघडतं. तिला हे पक्कं माहीत होतं, ती इतरांना हेच शिकवायची. पण बाहेरून यायच्या पेशी दोन महिने लांबल्या आणि तिचा धीर सुटला. दंडाच्या आतल्या बाजूचा मसुरीएवढा तुकडा काढून ती मोकळी झाली.

"दुसऱ्या येईपर्यंत माझ्या चालतील," ती म्हणाली होती. "भाडं मागत नाहीत."

मग तिच्या पोटात दुखू लागलं. डब्याचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, डॉक्टरांनी ते तीनदा सांगितलं. चार महिन्यांत ती गेली. जाण्याआधी एका दुपारी, शुद्धीत आणि नीट विचार करून, तिने मिस्त्रीला सांगितलं होतं, "मी गेले की डबा बंद करायचा. त्याच दिवशी. माझं काही मागे असं चालत राहायला नको. कळलं?"

"कळलं," मिस्त्री म्हणाला होता.

ती जाऊन आज एकेचाळीस दिवस झाले होते. डबा चालू होता.

कारण होतं, नाही असं नाही. भाजलेल्यांच्या विभागातल्या डॉक्टरांना डबा न थांबता साठ दिवस चाललेला बघायचा होता, आणि ही मोजणी ती गेली त्याच दिवसापासून सुरू झाली होती. पण बाहेरच्या पेशी केव्हाच येऊन थंड पेटीत पडल्या होत्या. त्या घालून नव्याने साठ दिवस मोजता आले असते. डॉक्टरांनी तसं सुचवलंही होतं. मिस्त्रीने "बघतो" म्हटलं आणि बघितलं नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी घरी निघण्याआधी त्याने दिवसभराची चित्रं लावली आणि त्याला काहीतरी खटकलं. चित्राच्या डाव्या कडेला उघड्या काचेची एक बारीक पट्टी होती. सकाळी ती नव्हती. सगळ्या पेशी थोड्या थोड्या उजवीकडे सरकल्या होत्या.

त्याची खुर्ची डब्याच्या उजव्या बाजूला होती.

३

मिस्त्री भोळा नव्हता. त्याने आधी टेबल तपासलं. टेबल सपाट होतं. मग मागची चित्रं काढली. रोज तेच होतं. अकरा ते पाच पेशी उजवीकडे झुकायच्या, पाचनंतर हळूहळू परत पसरायच्या. ज्या रविवारी तो आला नव्हता, त्या रविवारी काहीच नव्हतं.

अंगाची ऊब, तो मनाशी म्हणाला. म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी खुर्चीवर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिला. पेशी हलल्या नाहीत. मग उजेड असेल. त्याने डब्यावर काळं कापड टाकलं आणि खुर्चीत बसला. पेशी उजवीकडे. खुर्ची कुरकुरते, तिचा हादरा असेल. त्याने खुर्चीच्या पायांखाली रबर घातलं, पंखा बंद केला, श्वास लागू नये म्हणून तोंडाला फडकं बांधलं आणि सहा तास पुतळ्यासारखा बसला. संध्याकाळी त्याची मान आखडली होती आणि डावीकडची पट्टी तीन केसांएवढी रुंद झाली होती.

खोलीत पंपाची बुडबुड तेवढी ऐकू येत होती. दर दहा मिनिटांनी दिव्याची टिक.  मिस्त्रीला भीती वाटली, खरंच वाटली. आणि त्या भीतीच्या तळाशी त्याला काय सापडलं असेल, तर आनंद. ती गेल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या येण्याची दखल घेतली होती.

तो डब्याजवळ वाकला आणि अगदी हळू म्हणाला, "ओळखलंस होय?"

४

त्याच आठवड्यात ताई राहायला आली. ताई म्हणजे बायकोची मोठी बहीण. तिची तीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेली होती, आणि आता ती निवृत्त होऊन सगळ्यांच्या घरातल्या चुका जुळवत फिरायची. मिस्त्री जेवत नाही असं तिला कुणीतरी कळवलं होतं. पहिल्याच दिवशी ती जेवण घेऊन प्रयोगशाळेत हजर झाली.

"हे अजून चालू आहे?" तिने डब्याकडे बघत विचारलं.

"साठ दिवस व्हायचेत, ताई."

"तिने मलाही सांगितलं होतं. तुझ्यावर भरवसा नव्हता म्हणूनच सांगितलं असेल."

मिस्त्रीने जेवण संपवलं. मग राहवेना म्हणून त्याने तिला सगळं सांगितलं. चित्रं दाखवली, पिशवी, कापड, रबर, सगळं. ताई कपाळाला आठ्या घालून ऐकत होती.

"सरक," ती म्हणाली. "मी बसते."

ती दुपारभर त्या खुर्चीत बसली. स्वेटर विणला, दोनदा शिंकली, एकदा डुलकीही काढली. पेशी जागच्या हलल्या नाहीत. तिची सख्खी बहीण, एका आईच्या पोटची, आणि पेशींना तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं. चारला मिस्त्री परत खुर्चीत बसला. साडेपाचच्या चित्रात कड उजवीकडे झुकलेली होती.

"बघितलंत? मीच लागतो तिला," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात पोरकट अभिमान होता.

ताईला तो अभिमान आवडला नाही. "तिला म्हणू नकोस," ती म्हणाली. "ती आता नाहीये. हे तिचं कातडं आहे. नखं कापून टाकतो आपण, त्यांना ती म्हणतो का?"

"नखं माझ्याकडे येत नाहीत, ताई."

ताईने जेवणाचे डबे आवरले. निघताना ती दारात थांबून म्हणाली, "येतात तर येऊ देत. पण शब्द दिलेला आहेस तू."

५

शब्द दिलेला होता, हे मिस्त्रीला कुणी सांगायला नको होतं. तो त्याला रोज सकाळी दात घासताना आठवायचा. पण येणाऱ्याला दार कसं लावायचं? तिने सांगितलं तेव्हा तिला हे असं होणार हे कुठे माहीत होतं, अशी तो स्वतःची समजूत घालायचा. माहीत असतं तर तीच म्हणाली असती, राहू दे.

तो आता नऊलाच येऊ लागला. एक दिवस त्याने खुर्ची उचलून डाव्या बाजूला ठेवली.  दुपारी दोनच्या चित्रात पेशींची रांग वळली होती, आणि पाचपर्यंत चित्राच्या डाव्या कडेला येऊन थबकली होती. मिस्त्री त्या दिवशी रडला. मोठ्याने, नाक ओढत, खोलीत कुणी नाही म्हणून बिनधास्त.

मग तो बोलू लागला. घरातलं सांगायचा. गादीच्या तिच्या बाजूला आता इस्त्रीचे कपडे ठेवतो, हे सांगितलं. तिच्या फोनवर दातांच्या डॉक्टरांचा 'तपासणीला या' असा संदेश अजून येतो, हे सांगितलं. बोलता बोलता तो डब्यावर इतका वाकायचा की वरच्या काचेवर त्याच्या श्वासाची वाफ जमायची.

पन्नासाव्या दिवसाच्या चित्रात काचेच्या बरोबर मधोमध एक उघडा गोल दिसला. आतली एकूण एक पेशी कडेला गेली होती. मिस्त्रीचा चेहरा जिथे यायचा, त्याच्याच खाली. तो बराच वेळ त्या गोलाकडे बघत राहिला.  मग त्याने त्यावरही तोडगा काढला.

"जागा करून देते," तो ताईला म्हणाला. "मी बसावं म्हणून."

ताईने त्याच्याकडे बघितलं आणि त्याच्या ताटात आणखी एक चमचा भात वाढला.

६

बावन्नाव्या दिवशी पोषणद्रवाची बाटली बदलताना नळीत हवा शिरली. मिस्त्री बाटलीशी खटपट करत होता. ताई पडद्यासमोर उभी होती.

"अरे, बुडबुडा गेला आत."

"जाऊ दे, निघेल आपोआप."

"निघेल रे. पण हे काय?" ताईने चष्मा वर केला. "नळी डाव्या बाजूने आत जाते ना? डोळ्यांदेखत बुडबुडा डावीकडून शिरला. इथे पडद्यावर, आत्ता निघालेल्या चित्रात, तो उजव्या कडेला आहे."

मिस्त्रीचा हात बाटलीवरच राहिला.

"तीस वर्षं उलटी अक्षरं वाचली मी," ताई म्हणाली. "उलटं काही असलं की डोळ्यात खुपतं. तुझं चित्र उलटं आहे."

"शक्य नाही," मिस्त्री म्हणाला. "मीच सुलटं केलंय."

आणि ते खरं होतं. डबा बुटका व्हावा म्हणून त्याने कॅमेरा आडवा निजवला होता आणि मधे तिरका आरसा बसवला होता. आरशाने चित्राचं डावं-उजवं बदलतं. म्हणून त्याने त्याच दिवशी दुसरा आरसा लावून ते परत जागेवर आणलं होतं. बायकोला सांगायचं त्याच्या मनात होतं. तेव्हा ती तपासण्यांसाठी धावत होती, राहून गेलं.

त्याने संगणक उघडला. चित्र काढायची आज्ञावली तिने लिहिलेली होती, त्यात तो कधी डोकावला नव्हता. आता ओळ ओळ वाचत गेला. शेवटाकडे एक ओळ चित्र उलटवणारी होती. तिच्याखाली, तिच्या सवयीप्रमाणे, स्वतःसाठी टिपण: 'मधे आरसा आलाय म्हणून डावं-उजवं बदललं. मिस्त्रीला सांगायचं.'

दोघांनी एकच चूक दोनदा सुधारली होती. घरातही असंच व्हायचं. भाजीत तिनेही मीठ घालायचं आणि त्यानेही, आणि जेवायला बसल्यावर एकमेकांकडे बघून हसायचं. पुढे डब्याची चाचणी घेतली ती चौकटीच्या कागदावर, आणि चौकटी दोन्हीकडून सारख्याच दिसतात. कुणाला काही कळलं नाही.

मिस्त्रीने ती ओळ काढून टाकली आणि मागची सगळी चित्रं सुलटी करून पुन्हा लावली.

खुर्ची उजवीकडे असताना पेशी डावीकडे जात होत्या. खुर्ची डावीकडे नेली त्या दिवशी त्या सगळ्या फिरून उजवीकडे गेल्या होत्या, पार कडेपर्यंत, जिथून पुढे काच संपते. आणि तो वाकून बोलत होता तेव्हा त्या त्याच्या चेहऱ्याखालून निघून गेल्या होत्या. तो गोल उलटवूनही तसाच राहिला. गोलाला डावं-उजवं नसतं.

७

 ताईने स्टूल ओढलं आणि त्याच्याजवळ बसली.

मिस्त्री म्हणाला, "ताई, शेवटच्या दिवसांत मी आलो की ती भिंतीकडे तोंड करायची."

"खिडकीचा उजेड डोळ्यांना सोसायचा नाही तिला. तूच म्हणायचास."

"खिडकी भिंतीच्याच बाजूला होती."

हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याने स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. नळ्या घालू नका, असं तिने आधीच सांगितलं होतं, त्यालाही आणि डॉक्टरांनाही. पण श्वास अडकायला लागला त्या सकाळी डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावून विचारलं, आणि त्याने घाला म्हणून सही केली. अकरा दिवस मिळाले. तिला बोलता येत नव्हतं. तो रोज खुर्ची घेऊन बसायचा, हात धरायचा, इकडचं तिकडचं सांगायचा. आणि ती, जेवढी मान वळवता येईल तेवढी, त्याच्यापासून वळवायची. एकदा तो खुर्ची घेऊन पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिने सगळा जोर लावून मान परत फिरवली.

"मला वाटलं, दुखत असेल," मिस्त्री म्हणाला.

ताईचे डोळे भरून आले. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, पण नाही नाही, तसं नसेल, असं ती म्हणाली नाही. आपल्या बहिणीचा राग ती लहानपणापासून ओळखून होती.

८

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मिस्त्रीने पोषणद्रवाची बाटली काढून जंतुनाशकाची लावली. साठ दिवसांना सात कमी होते. डॉक्टरांना त्याने सकाळीच फोन करून सांगितलं की नव्या पेशी घालतोय. ते "उत्तम" म्हणाले.

बाटलीतलं पाणी आत ढकलणारा पंप थेंबाथेंबाने चालायचा. पेशी मारणारं ते फिकट पिवळं पाणी लांब नळीतून डब्यापर्यंत पोचायला चाळीस मिनिटं लागणार होती. मिस्त्रीने बटण स्वतः दाबलं आणि सवयीने खुर्ची ओढली.

"नको," ताई म्हणाली. "तू बाहेर थांब."

"शेवटच्या वेळी मी बाहेर?"

"तू बसलास की ती कडेला जाऊन बसते रे. आज तरी तिला मोकळं बसू दे. मी आहे इथे." ताई पेशींना 'ती' म्हणाली, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मिस्त्री बाहेर आला. दार डब्याच्या उजव्या हाताला होतं, आणि त्याला डोळ्यांच्या उंचीवर काचेचा तुकडा होता. त्यातून त्याला ताईची पाठ दिसत होती, पडदा दिसत होता आणि नळीत इंच इंच पुढे जाणारा पिवळा रंग दिसत होता.

तीन दहाच्या चित्रात पेशी डावीकडे होत्या, सकाळपासून तो पुन्हा उजवीकडे खुर्ची टाकून बसला होता, तेव्हा सरकल्या तशा. पंपाची बुडबुड दारातून ऐकू येत होती. तीन वीसच्या चित्रात त्या पसरलेल्या होत्या, सगळ्या काचेवर सारख्या. मिस्त्रीला बरं वाटलं. ताईचं बरोबर होतं, तो मनात म्हणाला. मग त्याला कळलं की एवढं पसरायला त्यांना एक अख्खी रात्र लागते.

तीन तीसला दिवा लागला आणि चित्र बदललं.

काच रिकामी होती. डावी बाजू रिकामी, मधला भाग रिकामा. सगळ्या पेशी उजव्या कडेला होत्या, दाराच्या बाजूच्या. एकीवर एक चढलेल्या, इतक्या दाट की ती कड काळी दिसत होती. ज्या वाटेला त्यांना तीन आठवडे लागले असते, ती वाट त्या दहा मिनिटांत चालून आल्या होत्या. त्या गर्दीत चेहरा वगैरे काही नव्हता. मिस्त्रीने शोधला, पण नव्हता. फक्त काचेच्या शेवटच्या रेघेवर त्या दाबून उभ्या होत्या, आणि त्यातल्या काहींची बारीक टोकं रेघेच्याही पुढे आली होती.

पिवळा रंग डब्यापासून चार बोटांवर होता.

त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. चार पावलं आणि एक बटण. ती निरोप घ्यायला आली होती की थांबव म्हणायला, हे त्याला कळेना. आणि कळायचा एकच मार्ग होता, आत जाणं. तो आत गेला की ती परत वळणार होती.

ताई मागे वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने एक हात पंपाच्या बटणाजवळ नेला आणि काचेतून, आवाज न करता, ओठांनीच विचारलं, "थांबवू?"

मिस्त्रीला आयुष्यात कुठलीही गोष्ट इतकी हवीशी वाटली नव्हती. त्याने मान हलवली. नाही.

त्याने कडीवरचा हात काढला आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले. पुढच्या चित्राला अजून सात मिनिटं होती. ती सातही मिनिटं तो दाराबाहेर उभा राहिला.